पत्र्याच्या डब्यातला पिंपळ

आमच्या विहारापुढच्या पिंपळाला आता माझी मिठी पुरत नाही. तिसगावच्या बाजाराला जाणारी जीप त्याच्याच सावलीत थांबते. बुद्धपौर्णिमेला आसपासच्या गावांतली माणसं पांढरे कपडे घालून येतात, बुंध्याशी मेणबत्त्या लावतात, पडलेली पानं पोथीत ठेवायला घेऊन जातात. बोधगयेच्या बोधिवृक्षाचं लेकरू म्हणतात त्याला. आणि ते मी आणलं असं म्हणतात.

आणलं होतं हे खरं. पंचवीसेक वर्षं झाली. आमच्या आळीतले आम्ही नऊ गडी मनमाडवरून रेल्वेनं बोधगयेला गेलो होतो. बायकोला यायचं होतं. "मला बी बघायचंय ते झाड," म्हणाली. मी म्हणालो, "त्याच्यात काय बघायचं? घेऊनच येतो की." मी असाच बोलायचो.

तिथं देशोदेशीचे लोक झाडाखाली बसलेले. कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती. पान तोडायचं नाही असा नियम. वारा सुटला की सगळे वर बघायचे, पान गळलं की कुणीतरी ते उचलून कपाळाला लावायचं. मी काही पानासाठी धावणारा माणूस नाही. दोन दिवस एका जागी नुसता बसून राहिलो. एका म्हाताऱ्या भिक्खूनं मला बघितलं, काय वाटलं त्याला कुणास ठाऊक. त्याच झाडाच्या बीचं, वीतभर उंचीचं रोप मातीसकट माझ्या हातात दिलं. चार पानं होती. पत्र्याच्या डब्यात घालून अख्ख्या प्रवासात मांडीवर धरलं. बरोबरच्यांना हातसुद्धा लावू दिला नाही.

गावात आल्यावर विहारापुढं लावायचं ठरलं. पण दसरा झाला आणि ऊसतोडीला निघायची वेळ आली. आमच्या भागात तेव्हा निम्मं गाव रिकामं व्हायचं. शेजारची म्हातारी म्हणाली, "माझ्यापाशी ठेव, तांब्याभर पानी घालीन."

"न्हाई," मी म्हणालो. "हे दुसऱ्याच्या हाती द्यायचं झाड न्हाई."

डबा बैलगाडीत घेतला.

त्या साली आमची तोड देवळाली प्रवराच्या बाजूला होती, टोळीत आमच्या गावचं दुसरं कुणी नव्हतं. उसाच्या पाचटाची झोपडी, तिला कोपी म्हणतात, तिच्या दारात डबा ठेवला. पहाटे फडात जायच्या आधी बायको त्याला ओंजळभर पाणी घालायची आणि दोन्ही हात जोडायची. हे मी मुद्दाम सांगतो. तेव्हा ती हात जोडायची.

एके दिवशी दुपारी फडातून आलो तर पांढरा बैल दावं तोडून कोपीच्या दारात उभा. डबा आडवा झालेला. उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाढ्यांचा भारा पुढ्यात पडलेला असताना ह्या मेल्यानं नेमकं तेच खाल्लं होतं. बोटभर काडी राहिली होती. चार दिवसांत तीही वाळली.

बायको आधी हसली. पदर तोंडाला लावून हसली. "अवं, आता बैलाला ज्ञान व्हायचं!" म्हणाली. मग माझं तोंड बघितलं आणि डबा उचलून सरळ ठेवला.

रानमालकाच्या विहिरीत, दगडांच्या फटीत, पिंपळाचं रोप आलेलं होतं. पिंपळाचं काय, पाखरांनी बी टाकलं की भिंतीतसुद्धा येतो. मी विहिरीत उतरून ते उपटलं आणि डब्यात लावलं. उंचीही तेवढीच, वीतभर.

"गावात सांगून टाका," बायको म्हणाली. "आठ दिस हसत्याल अन् इसरत्याल."

मला कुणी हसलेलं चालत नाही. बैलाला बोधिवृक्ष चारला, हे मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं. मी म्हणालो, "तू तोंड उघडायचं न्हाई. कुनापाशी न्हाई."

"बरं," म्हणाली.

पाडव्याला गावात आलो. हलगी वाजवत झाड लावलं. माझ्या गळ्यात हार घातला, तो मी घालून घेतला.

बायकोनं तोंड उघडलं नाही. झाड जगवलं मात्र तिनंच. टँकर यायचा त्या उन्हाळ्यांत घरात भांडी धुवायला पाणी नसायचं, पण झाडाला घागर चुकली नाही. फक्त हात जोडले नाहीत. एकदाही नाही. बायकांच्या ध्यानात आलं. एक बाई तर रोज विचारायची, "काय गं, पानी घालती अन् पाया पडत न्हाईस?"

"हात घागरीत गुतल्यात."

"मग घागर खाली ठेव की!"

बायको हसायची आणि घागर तशीच कमरेवर घेऊन निघायची. मागून ती बाई दुसरीला म्हणायची, "लई गुर्मी हाय. नवऱ्यानं आनलंय न्हवं."

मला ते ऐकू यायचं. एकदा घरात म्हणालो, "जोड की हात. काय बिघडतंय?"

ती म्हणाली, "झाड लबाड न्हाई, म्हनून पानी घालते. तुमच्या बोलन्याला हात कशी जोडू?" आणि भाकरी थापत राहिली. त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही.

ती जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्याला टेम्पो चालवतो. ये म्हणतो, मी जात नाही. दोन भाकरी थापता येतात मला. पण झाडाची खरी गोष्ट ठाऊक असलेलं दुसरं माणूस गावात उरलं नाही. भांडायचं म्हटलं तरी कुणाशी भांडू?

यंदा विहाराच्या पंचांनी झाडापाशी दगडी पाटी लावायचं ठरवलं. मला बोलावलं. सात जण होते. रिटायर झालेले गुरुजी अध्यक्ष. मी म्हणालो, "माझं नाव घालताय तर माझ्या बायकोचं बी घाला. पानी तिनं घातलंय." त्यावर एक जण हसून म्हणाला, "बाबा, आजी तर कधी पाया बी पडली न्हाई झाडाच्या. तिचं नाव कसं घालायचं?"

बाकीचेही हसले.

मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. डबा, कोपी, बैल, विहीर. ती का हात जोडत नव्हती तेही सांगितलं. मग एकानं विचारलं, "बैलानं खाल्लं?" आणि सगळे पोट धरून हसले. मिनिटभर हसले असतील. मग थांबले. एवढंच होतं ते हसणं. त्याला भिऊन मी तिचं तोंड बांधून ठेवलं होतं.

गुरुजींनी उठून दार लोटलं. म्हणाले, "बाबा, झालं ते झालं. लांबून लोक येतात, रोपं मागून नेतात. आता तोंड उघडू नका. कुणापाशी नाही."

माझेच शब्द. माझ्या तोंडून 'बरं' निघालं नाही. मी म्हणालो, "मी बाहेर सांगनार."

"सांगा," दुसरा म्हणाला. "म्हातारपनी असं व्हतंच, म्हनू आमी."

पाटी लागली. माझ्या नावाची. तिचं नाव नाही.

आता रोज सकाळी हापशावरून घागर भरतो आणि झाडाला घालतो. एवढ्या मोठ्या झाडाला माझ्या घागरीची गरज नाही, हे मला कळतं. हात जोडत नाही. परवा, पूर्वी टोमणे मारणाऱ्या त्या बाईची सून पिशवी घेऊन सावलीत उभी होती. म्हणाली, "बाबा, तुमी बी पाया पडत न्हाई व्हय? आजीवानी?"

"हात घागरीत गुतल्यात."

"मग घागर खाली ठेवा की!"

मी घागर खाली ठेवली. म्हणालो, "बस जरा, पोरी. सांगतो."

तेवढ्यात तिसगावची जीप आली. "आल्यावर ऐकते, बाबा," म्हणाली आणि चढली. ती बाजारातून परत येईपर्यंत मी पारावर बसून होतो. उतरली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. ती तशीच घराकडं गेली.