पाळकबाईचा गुरुवार

धानोऱ्यात राहायला आल्यानंतरचा दुसरा रविवार. चर्चमधली उपासना संपली, सूचना सुरू झाल्या. मंडळीच्या सचिवांनी वही उघडून वाचलं, "गुरुवारची महिला सभा यापुढे पाळकबाईंच्या घरी. चहापाणी त्यांच्याकडेच."

पाळकबाई म्हणजे मी. मला कोणी विचारलेलं नव्हतं.

माझे पती चौतीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. सात गावांत बदल्या झाल्या, सात बंगले झाले. पाळकाचं घर दोन खोल्यांचं कौलारू असलं तरी त्याला बंगलाच म्हणतात. बंगला मंडळीचा असतो. लोक हाक न मारता आत येतात, पातेल्यावरचं झाकण उचलून बघतात, पाहुणे मुक्कामी पाठवतात. माझी तक्रार नव्हती. घर त्यांचं होतं. मी एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या लिहायचे, त्या बहुतेक ओट्यावर कागद ठेवून लिहिल्या. निवृत्तीनंतर आम्ही धानोऱ्यात घर बांधलं. आमचं पहिलं.

इथल्या मंडळीला पाळक आहे, त्याला बायकोही आहे. पण तिचं मूल लहान. शिवाय लोकांच्या लेखी पाळक निवृत्त होतो, पाळकबाई होत नाही.

मी उठून उभी राहिले. सूचना चालू असताना कोणी उठत नाही.

"मला विचारलेलं नाही. माझ्या घरी सभा होणार नाही."

मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "माय वं! पाळकीनबाईच नही म्हनी ऱ्हायनी!" दोघीतिघी हसल्या.

सचिव गोंधळले. "पण बाई, साहेबांना विचारलं होतं. ते हो म्हणाले."

मी पतींकडे पाहिलं. ते गीतांच्या पुस्तकात क्रमांक शोधत होते. क्रमांक समोर फळ्यावर लिहिलेला होता.

घरी आल्यावर ते म्हणाले, "भर सभेत उठलीस. तुमच्या दैनिकाच्या कचेरीत चाललं असतं?"

"आमच्याकडे ज्याच्याबद्दल छापायचं, त्याला आधी विचारत."

"चाळीस कप चहाच तर आहे."

"मग तुम्ही करा."

"आजवर कधी नाही म्हणाली नाहीस."

"आजवर कधी विचारलंत?"

बुधवारपर्यंत आम्ही गरजेपुरतं बोललो.

गुरुवारी चारला बायका आल्याच. अंगणात चपला काढू लागल्या. रविवारचा राग रविवारी संपला, असं त्यांनी धरलं असावं. मी दारात उभी राहिले.

"बाई, आते तरी राग सोड," तीच म्हातारी म्हणाली. "आमले परकं समजी ऱ्हायनी का तू?"

"परक्या नाही. पण घर माझं आहे."

पती आतून आले. "मी तिला विचारलं नव्हतं. चूक माझी. आपण प्रार्थनामंदिरात बसू."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटायला हवं होतं. उलट संताप वाढला. एवढंच बोलायचं होतं, आणि ते केव्हाही बोलता आलं असतं.

बायका पुन्हा चपला घालून निघाल्या. मागोमाग हे, मोठ्या पातेल्यात साखर आणि चहाची पावडर घेऊन. फाटकाशी थांबले, वळले.

"चाळीस जणींना पावडर किती लागते?"

मी सांगितलं नाही.