फुलातला स्क्रू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर लोणावळ्यातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात नक्षी कोरणाऱ्या आबांचे. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. घरी अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून आबांनी खिडकीजवळच्या त्यांच्या बाकाचं एक टोक मला मोकळं करून दिलं. ते पोलादावर वेल कोरत, मी शेजारी पुस्तक उघडून बसे. पदवी मिळाली, नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात नोकरी लागली, तरी सुट्टीला मी त्या बाकावर जातच राहिलो. पुस्तकाच्या जागी हातात कलम आलं, म्हणजे लाकडी मुठीची, धार लावलेली पोलादी सळई.

यंदा आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात थरथरतो, बोलणं जड झालंय. ते बेडसे गावी घरी बसून आहेत आणि माझा फोन उचलत नाहीत.

आजारी पडण्याआधी त्यांनी एका दुनळी बंदुकीच्या चापावरची पट्टी पुरी केली होती. पट्टीवर एक मोठं फूल आणि फुलाच्या मधोमध स्क्रूचं डोकं. आधी स्क्रू पुरा आवळायचा, मग पट्टी आणि स्क्रू दोन्हींवरून सलग पाकळ्या कोरायच्या, ही आमची रीत. नंतर पट्टी भट्टीत जाऊन कडक होते. मग तिच्यावर कलम चालत नाही.

भट्टीतून पट्टी आली तेव्हा मी कारखान्यात होतो. रविवारी पाहतो तर पाकळ्या मधेच तुटलेल्या. दुकानातल्या फिटर भाऊंनी स्क्रूच्या डोक्याला खालून कानस मारली होती. त्यामुळे तो आवळताना पाव फेरा पुढे गेला.

"भाऊ, हे काय केलंत?"

"भट्टीतनं आल्यावर डोकं वर राह्यलं व्हतं. जराशी घासली. लय न्हाई."

"फूल मोडलं ना!"

"मंग ढिला ठिवू? दोन बार काढले की स्क्रू गवतात हुडकत बसंल गिऱ्हाईक. तुमी एवढं शिकल्यालं, पाकळी जोडता यीना व्हय?"

नवा स्क्रू मी स्वतः बनवला, आवळला. डोकं कोरं आहे. मालक म्हणतात, कोरून टाक, गिऱ्हाईक घाई करतंय. मी भंगारातल्या स्क्रूंवर हात बसवून पाहिला. आबांची रेघ शेवटी बारीक होत होत पोलादात विरून जाते. माझी धडकन थांबते. हातोडीने ठोकून पाहिलं, नुसत्या तळहाताने रेटून पाहिलं. चिडून जोर लावला, तर कलम घसरून अंगठ्यात गेलं.

भाऊंनी अंगठ्याला चिंधी बांधली, चहा पुढे सरकवला. "आबा हितं आस्तं तर शिव्या घातल्या आस्त्या तुमास्नी."

"त्याच तर हव्यात मला," मी म्हणालो. चहा न पिताच मी आबांना लिहायला बसलो.

आबा,

फोन उचलत नाही म्हणून लिहितोय. तुमच्या फुलाच्या मधला स्क्रू बदलावा लागला. चूक कोणाची ते भाऊ सांगतील, शिव्या त्यांनाच द्या. नवा स्क्रू कोरा आहे आणि तो माझ्याने होत नाहीये. पाकळीचं टोक जमत नाही. तुम्ही ते शिकवायचं राहिलंय आणि तुम्ही दार लावून बसलात, याचा मला राग येतो. तुमच्यावर राग धरायची माझी पायरी नाही, तरी येतो.

येत्या रविवारी सकाळी रिक्षा घेऊन येतोय. बोलायचं नसेल तर बोलू नका. कलम मी धरीन, तुम्ही डावा हात माझ्या मनगटावर ठेवा. आला नाहीत तर मी एकटाच कोरीन, आणि तुमचं ते फूल माझ्या हातून जसं होईल तसं त्या बंदुकीवर राहील.