टाकीतली बाटली

मागच्या खेपेला तुम्ही नातवंडे कळंबच्या घरी आठवडाभर राहणार होतात आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या हॉटेलात गेलात. कारण कोणी सांगितले नाही, पण मला ते कळले होते. कमोडमध्ये पाणी जोराने येत नव्हते. धाकटी रडवेली होऊन बाहेर आली आणि तुमच्या आईने दार लावून बादल्या ओतल्या. तो कमोड तुमच्या बाबांनी खास तुमच्यासाठी बसवून घेतला होता. आता गुडघ्यांमुळे मीही तोच वापरते आणि मुकाट्याने बादली ओतते.

या दिवाळीला तुम्ही येणार असे कळले. या वेळी तुम्हाला जायला कारण उरू द्यायचे नाही, असे मी ठरवले.

नळ दुरुस्त करणारा म्हणाला, "दिवाळी झाल्यावर पाहू, आजी." दिवाळी झाल्यावर मला त्याचा काय उपयोग?

मग मीच कामाला लागले. आधी एक बादली एकदम ओतली. पाणी सरळ खाली गेले, म्हणजे खालचा पाइप तुंबलेला नव्हता. आरसा धरून कमोडच्या कडेखाली पाहिले. पाणी येण्याची भोके बोअरच्या क्षाराने पांढरी होऊन बुजली होती. गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके दिवसभर तिथे कोंबून ठेवले आणि नंतर तारेने एकेक भोक मोकळे केले.

शेजारी राहणारी माझी धाकटी जाऊ दारात येऊन उभी राहिली. "काहून वो बाई, एवढ्या शिकल्या तुम्ही आन् संडासात हात घालून बसल्या? कोनासाठी करून राह्यल्या? ते तं हाटेलातच उतरतेत."

"या वेळी नाही उतरणार," मी म्हणाले.

तरीही पाणी कमीच येत होते. मग कमोडमागच्या टाकीचे झाकण उचलले. आत एक प्लास्टिकची बाटली होती, वाळूने भरलेली, गळ्याला सुतळी बांधलेली. ती तुमच्या आजोबांची होती. एका उन्हाळ्यात नळाला पाणीच येईना, तेव्हा त्यांनी ती टाकीत ठेवली होती, म्हणजे टाकीत तेवढे पाणी कमी मावेल आणि दर वेळी तेवढे वाचेल. आल्यागेल्याला ते झाकण उघडून दाखवत. ते गेले तेव्हा तुमच्या परीक्षा होत्या, म्हणून तुमचे बाबा एकटेच येऊन गेले. बाटलीची आठवण कोणालाच राहिली नाही.

मी ती बाहेर काढली, टाकी भरू दिली आणि दट्ट्या दाबला.

"आई वो! धबधबाच झाला हा तं!" जाऊ म्हणाली.

त्या संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. मी बोलत बोलत फोन संडासात नेला आणि त्यांना तो आवाज ऐकवला.

"वा, आई! पण आम्ही हॉटेल बुक केलंय. तुला त्रास नको म्हणून. दुपारी येऊन भेटून जाऊ."

दुपारी येऊन भेटून जायला गावात पुष्कळ लोक आहेत मला.

फोन ठेवला आणि बाटली स्वच्छ धुऊन परत टाकीत सोडली. जाऊ बघत होती.

"आता काहून टाकली परत?"

"एकटीला एवढं पाणी कशाला?" मी म्हणाले आणि झाकण लावले.