प्लेगच्या उरलेल्या गोळ्या

डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले तेव्हा बरे वाटण्याऐवजी मला लाज वाटली. अँटिबायोटिक-असोसिएटेड डायरिया, म्हणजे जंतुनाशक गोळ्यांमुळे लागलेले जुलाब. हे निदान पहिल्याच दिवशी झाले असते. मी खोटे बोललो म्हणून लांबले.

सुरतेत प्लेग आला त्या वर्षीची गोष्ट. मी तिथल्याच लिंबायत भागात मराठी शाळेत मास्तर. बायको-मुलांना धुळ्याला पाठवले होते. बाजारात प्लेगवरची टेट्रासायक्लिनची गोळी औषधालाही मिळत नव्हती, पण मेव्हणा मेडिकलमध्ये कामाला, त्याने मला दोन डबे आणून दिले.

शेजारी भिकनभाऊ राहायचा, कापडाच्या लूमवर, म्हणजे मागावर, काम करायचा. एके सकाळी तो दारात आला. त्याच्या बायकोला, वहिनीला, ताप होता.

“गुरुजी, चार गोया शेतस का?”

मी म्हणालो, गोळ्या संपल्या. डबे गादीखाली होते. वहिनीचा ताप साधाच निघाला, पण ते मला त्या दिवशी कुठे माहीत होते?

प्लेग ओसरला, गोळ्या उरल्या. फेकवेनात, आणि कुणाला द्यायला तोंड नव्हते. म्हणून मीच रोज खात राहिलो, चांगला महिनाभर. शिकलेल्या माणसाने अक्कल गहाण टाकली ती अशी.

मग पोट बिघडले. दिवसातून पंधरा वेळा जावे लागे. एकदा संडासाच्या दाराशीच कोसळलो. भिकनभाऊने कपड्यांची घाण न बघता मला उचलले, रिक्षात घातले, दवाखान्यात आणले.

डॉक्टरांनी विचारले, कोणत्या गोळ्या चालू आहेत? भिकनभाऊ खाटेशीच उभा होता. मी “कोणत्याच नाही” म्हणालो.

सलाईन लागले. स्टूल टेस्ट, म्हणजे शौचाची तपासणी, दोनदा झाली. कॉलरा नाही, अमिबा नाही. मी मात्र वाळत चाललो होतो. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “मास्तर, काही लपवत असाल तर जिवाशी खेळताय.”

तेव्हाही भिकनभाऊ तिथेच होता, पेज घेऊन आलेला. मी चादरीकडे बघत सगळे सांगितले. तो पेजेचे भांडे ठेवून निघून गेला.

डॉक्टरांनी समजावले. आतड्यात कोट्यवधी चांगले जंतू राहतात, अन्न पचवायला हातभार लावतात, वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. माझ्या गोळ्यांनी त्यांनाच मारले होते. गोळ्या बंद झाल्या. लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल सुरू झाल्या, म्हणजे दूध विरजणाऱ्या जंतूंच्या भाईबंदांच्या, आणि सोबत ताजे दही. आता याला प्रोबायोटिक म्हणतात.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पोटात गेलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा, शेजारी कोणीही उभे असो.

दुसऱ्या दिवशी भिकनभाऊ आला. वहिनीने लावलेले दही आणले होते. मी हात जोडले.

“राहू द्या गुरुजी. माले तव्हयच मालूम व्हतं.”

मी ‘संपल्या’ म्हटल्यावरही माझ्या दारातल्या कचऱ्यात वहिनीला गोळ्यांची रिकामी पाकिटे दिसत होती; त्यांचा जुलाबाशी संबंध असेल हे मात्र त्या दोघांना कुठे माहीत होते? म्हणजे संडासाच्या दारातून मला उचलले, तेव्हाही त्याला सगळे ठाऊक होते.