आमच्या घरमालकांची काउंटी

न्युरेम्बर्गला राहायला गेलो त्या पहिल्याच सकाळी मी घरमालकांच्या जिन्यातला नकाशा पाहिला आणि पाठ करून आणलेल्या जर्मनमध्ये विचारलं, "ह्यात पोस्ट कुठे आहे?" त्यांनी चष्मा लावून शांतपणे दाखवलं. "हे इथे, चर्चच्या मागे. पण तुम्हाला जहाजानं जावं लागेल, हेर इंजिनिअर." (हेर म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'.) नकाशा अमेरिकेतल्या एका काउंटीचा होता. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. स्वतः अमेरिकेत पाऊल न ठेवता तिथला एक अख्खा तालुका ओढ्यानाल्यांसकट मुखोद्गत असलेला माणूस युरोपात दुसरा नसावा.

जन्म त्यांनी नोंदणी कचेरीत काढला होता. जर्मनीत घर बदललं की तिथे जाऊन नोंद करायची. न केलेला माणूस त्यांच्या लेखी जन्मलाच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची एकुलती मुलगी एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून निघाली, तेव्हा बापलेकीचं बोलणं बंद होतं. पण शहर सोडल्याचा तिचा फॉर्म घ्यावा लागला त्यांनाच, कारण खिडकीवर त्या दिवशी पाळी त्यांची होती. त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाले, "पुढचे." हे त्यांनीच मला जिना पुसता पुसता सांगितलं.

मग तिची पत्रं येऊ लागली आणि त्यांना कळलं, की अमेरिकेत अशी नोंदणीच नाही. "मग माणूस शोधायचा कसा?" आल्झो, म्हणजे 'तर मग', ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पत्रात ज्याचा उल्लेख येईल त्याचं एक कार्ड करून डब्यात. ओढ्यापलीकडची विधवा, गिरणीवाला, सारखी घरं बदलणारा फ्रँक न्हावी. कुणाला मूल झालं की कार्ड वाढे, कुणी गेलं की काळी रेघ. एकदा आम्ही जेवायला बसलो असताना वर येऊन ते म्हणाले, "फ्रँक पुन्हा हलला." ही म्हणाली, "अगंबाई, परत?" आणि आम्ही दोघं त्या न्हाव्याची काळजी करत वरणभात जेवलो. न्युरेम्बर्गात आमच्या ओळखीची माणसं तेव्हा तीन होती. त्या काउंटीत चांगली पन्नास.

मुलीला ते फक्त प्रश्न धाडत, क्रमांक घालून, आणि धाडण्याआधी मला ऐकवत. एक, विधवेचं छप्पर झालं का. दोन, पुलापलीकडे घरं किती. 'तू कशी आहेस' हा प्रश्न त्यात नसे.

आमच्या तिथल्या सातव्या वर्षी एका रविवारी त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. मुलीच्या नवऱ्याला दुसरीकडे काम लागलं होतं, ती काउंटी सोडून गेली होती. 'पत्ता नंतर कळवते' असं लिहून दोन महिने झाले होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कार्ड काढलं. ते डब्यात कधी नव्हतंच. आम्हाला न दाखवता त्यांनी त्यावर काहीतरी लिहिलं. "कुठे गेली, हा रकाना कोरा आहे," ते म्हणाले. "असं मी कुणाला जाऊ दिलं नव्हतं."

नको तिथे तोंड उघडायची मला सवयच आहे. मी म्हणालो, "बाकीची माणसं आहेतच की तिथे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "पण मला त्यांच्याशी काय करायचंय?"

वर आलो. हिनं कणीक भिजवायला घेतली आणि मध्येच हात थांबवला.

"अहो, त्या न्हाव्याच्या सासूचंसुद्धा नाव आपल्याला पाठ आहे," ती म्हणाली. "ह्यांच्या मुलीचं नाव काय?"