दाबाखाली ठेवलेली सात चित्रे

इतकी वर्षे लोटली, तरी ती चौकशी माझ्या मनातून गेलेली नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. ठाण्याच्या दप्तरात फार तर तिचा पानभर अहवाल असेल.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात नवा फौजदार होतो. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. आष्टीकडची कुटुंबे दसऱ्याआधीच ऊसतोडीला गेली होती, आणि ठाण्यात येणाऱ्या बहुतेक तक्रारी टँकरच्या रांगेतल्या भांडणांच्या असत. कुणाची घागर फुटली, कुणी कुणाच्या अंगावर धावून गेले. त्यामुळे एका सकाळी पालीच्या पुढच्या एका गावातल्या दूध सोसायटीचे चेअरमन आले, तेव्हा मला वाटले, हेही पाण्याचेच असणार.

"साहेब, सोसायटीच्या हॉलमधली सात चित्रं चोरीला गेली," ते म्हणाले. "चोर कोण हाय, तेबी सांगतो." आणि त्यांनी आधीच्या चेअरमनचे नाव घेतले. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती.

ती चित्रे कसली, हे मला हवालदाराने जीपमध्ये सांगितले. गावच्या शाळेत एक चित्रकलेचे मास्तर होते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आपल्या गावची माणसे त्यांनी लाकडाच्या फळ्यांवर कोरली, फळ्यांना शाई लावली आणि जाड कागदावर हाताने छापे घेतले. गावातली माणसे ती चित्रे बघायला येत आणि त्यांत आपला बाप, आपली आत्या शोधत. पुढे मास्तर वारले. फळ्या वाळवीने खाल्ल्या. म्हणजे आता नवीन छापे निघणे नाही, ते सात कागद तेवढे उरलेले. दहा दिवसांनी सोसायटीची वार्षिक सभा होती आणि त्या सभेत मास्तरांच्या पत्नीचा, गाव ज्यांना मास्तरीणबाई म्हणे त्यांचा, सत्कार ठरला होता.

हॉलचा पंचनामा केला. कुलूप शाबूत. सातही चौकटी भिंतीला टेकवून ओळीने ठेवलेल्या, काचा पुसलेल्या, खिळे एका बशीत गोळा केलेले. चोर खिळे बशीत ठेवत नाही, हे मला नवखा असूनही कळले. हवालदार माझ्यापेक्षा मुरलेला. तो भिंतीवर तळहात ठेवून उभा होता.

"साहेब, लोकास्नी प्यायला पाणी न्हाई आन् ह्या भिंतीला ओल हाय."

मी ते पंचनाम्यात लिहिले आणि विसरलो.

किल्ल्या दोन. एक चेअरमनकडे, दुसरी सोसायटीच्या शिपायाकडे. शिपाई पंचावन्नच्या घरातला, हडकुळा, खाकी सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेला. हॉल कधी उघडला होता, असे विचारले तर म्हणाला, "आठवत न्हाई." आठवत नाही म्हणणाऱ्या माणसाची नजर सहसा वर जाते. याची खाली गेली.

गुन्हा दाखल करण्याआधी मी तक्रारी अर्जावर चौकशी सुरू ठेवली. पण गाव थांबायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळी दोन गटांची जुंपली, कुणाचे तरी भरलेले कॅन लवंडले. दुष्काळात जनावरांच्या आचळातून कसेबसे निघालेले दूध मातीत गेलेले बघून बायका रडल्या. माझे वरिष्ठ वायरलेसवर म्हणाले, "दोन दिवसांत निकाल लाव, नाहीतर तिथे डोकी फुटतील."

त्याच दुपारी मांजरसुंब्याच्या फाट्यावरचा एक इस्त्रीवाला ठाण्यात आला. चपला दाराबाहेर काढून, हात जोडून उभा राहिला.

"साहेब, चोरीचं कानावर आलं म्हणून आलो. उगं माझं नाव मधी नको. परवा एक माणूस माझ्याकडं चित्र घेऊन आलता. इस्त्री कर म्हणला."

"चित्राला इस्त्री?"

"मीबी तेच म्हणलं. कपडे आण की रं, चित्र कशाला आणतो? तर म्हणला, कागद लाटावानी झालाय, सरळ कर. मी एकाला हलक्या हातानं फिरवली, तर शाई चकाकाया लागली आन् कोपरा पिवळा पडला. तसा तो माणूस खाली बसला. डोक्याला हात लावून लहान लेकरावानी रडला. मग मीच बीडातल्या बाइंडर चाचांचा पत्ता दिला."

वर्णन विचारले. हडकुळा, खाकी सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या.

शिपायाला ठाण्यात आणला. मी त्याला खाली फरशीवर बसवला आणि विचारायला लागलो. चित्रे कुणी काढली? कुणी सांगितले? आधीच्या चेअरमनने काय कबूल केले? तो काही बोलेना. मी आवाज चढवला. टेबलावर काठी आपटली. माझे वय अठ्ठावीस, आणि मी वडलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करत होतो. दोन तास तो गुडघ्यांना मिठी मारून बसला. मारहाण केली नाही, एवढेच मी आज स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. हात उगारला होता, हेही सांगायला हवे.

हवालदाराने माझ्या हातात पंचनाम्याचा कागद दिला आणि एका ओळीवर बोट ठेवले. ओल.

मी खुर्ची ओढून शिपायासमोर बसलो. "भिंत ओली कशी झाली?"

तेव्हा पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिले. "साहेब," तो म्हणाला, "मला चोर म्हणून लिहा. आत टाका. पर पाण्याचं लिहू नगा."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. दुधाचे कॅन धुवायला सोसायटीला टँकरमधून पाणी मिळे. दूध आटले, कॅन कमी झाले, रोज थोडे पाणी उरू लागले. ते पाणी शिपाई गच्चीवर एका ड्रममध्ये साठवी आणि पहाटे दोन घागरी मास्तरीणबाईंच्या रांजणात नेऊन ओती. बाई सत्तरीच्या, एकट्या, गुडघे धरलेले. रांगेत उभे राहणे त्यांच्याने होत नसे, आणि कुणाकडे मागणे तर त्यांच्या स्वभावातच नव्हते. त्यांना त्याने सांगितले होते, हा तुमच्या वाट्याचाच टँकर आहे. तो ड्रम बुडाशी गंजला. पाणी गच्चीतून झिरपून भिंतीवरून उतरले आणि बरोबर मास्तरांच्या चित्रांत शिरले.

"आख्खं गाव घोटभर पाण्याला तरसतंय," तो म्हणाला. "मास्तरीणबाईच्या घरी सोसायटीचं पाणी जातंय म्हणलं तर लोकं त्यांच्या दारात उभी ऱ्हातील. त्यांच्या तोंडात शेण घालतील. मास्तरांनी मला फुकट शिकवलंय, साहेब. माझी आई हाय त्या चित्रात, डोक्यावर पाटी घेतलेली. सभेच्या आधी नीट करून पुन्हा टांगणार होतो."

पण चेअरमननी पाहुण्यांना दाखवायला हॉल मध्येच उघडला.

मी त्याला खुर्चीवर बसवले आणि म्हणालो, "काका, चला बीडला."

बाइंडर चाचांचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. जुनी वहीखाती, पोथ्या, कुराणाच्या प्रती, शाळेचे नकाशे. मधोमध लोखंडी स्क्रूचा प्रेस. पांढरी दाढी, जाड चष्मा, बोटांना खळ लागलेली. मी वर्दीत आत शिरलो तरी ते उठले नाहीत, कारण हातातला कागद सोडण्यासारखा नव्हता.

"सहा प्रेसमधी हायत," ते म्हणाले. "हे सातवं."

"काढा बाहेर. मला बघायचीत."

"आज न्हाई निघणार, साहेब. कागद अजून आतून ओला हाय. आत्ता हवा लागली की पुन्हा लाटा येतील, आन् पयल्यापेक्षा वंगाळ. अजून चार दिवस लागतील."

"मी पोलीस आहे, चाचा."

"ते दिसतंय की. पर कागदाला कुटं दिसतंय?"

हवालदार हसला, आणि मीही.

सातवे चित्र चाचांनी आमच्यासमोर केले. ते इस्त्रीचेच होते. आधी ओल्या कापसाचा बोळा कोपऱ्यातल्या शाईला टेकवून पाहिला. शाई तेलाची, उतरली नाही. मग एका पत्र्याच्या पेटीत तळाशी ओले फडके पिळून अंथरले, त्यावर विटांच्या तुकड्यांवर तारेची जाळी ठेवली आणि चित्र जाळीवर अलगद सोडून झाकण लावले. पाणी कागदाला लावायचे नाही, नुसती दमट हवा लागू द्यायची. दोन-अडीच तासांनी झाकण काढले, तर कडक लाटा आलेला कागद जुन्या धोतरासारखा मऊ पडला होता. त्याखाली आणि वर टिपकागद, मग गुळगुळीत फळ्या, आणि सगळे प्रेसमध्ये. चाचांनी स्क्रू फिरवला, पण फार आवळला नाही.

"टिपकागद आज सांजच्याला बदलायचा, मग रोज एकदा. न्हाई बदलला तर बुरशी. लाट जाईल, साहेब. पाण्याचा डाग मातर ऱ्हाईल, अन् इस्त्रीचा पिवळा कोपराबी. खोटं कशाला बोलू?"

आता प्रश्न माझा होता. मुद्देमाल समोर होता. तो तिथल्या तिथे ताब्यात घेऊन गावात दाखवला असता, तर दोन्ही गट थंड झाले असते आणि माझी पाठ थोपटली गेली असती. चित्रे मात्र कायमची गेली असती. मी प्रेससकट जागेची नोंद केली, हवालदाराला तिथे बसवले आणि वरिष्ठांना कळवले की माल सापडला आहे, सुखरूप आहे, आणखी चार दिवस लागतील. त्यांनी मला जे ऐकवले, ते इथे लिहीत नाही. गावात दोन्ही गटांना एकत्र बसवून तेवढेच सांगितले. चेअरमननी नाव विचारले. मी दिले नाही.

हवालदार चार दिवसांत टिपकागद बदलायला शिकला. चाचांच्या गल्लीतही टँकरचाच भरवसा, म्हणून तो ठाण्यातून स्वतःच्या वाट्याचे पाणी बाटलीतून नेई.

या काळात मी मास्तरीणबाईंकडे गेलो. पाण्याची खात्री करणे माझे कामच होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मला वाटलं होतं, सरकारला दया आली," त्या म्हणाल्या. "तो गधडा सांगतोय होय मला, वाट्याचा टँकर म्हणून!" आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मग म्हणाल्या, "सभेत मी बोलणार."

मी म्हणालो, "काकू, गरज नाही. अहवालात मी चोरी नाही, दुरुस्तीसाठी नेली होती, एवढंच लिहितोय."

"तुमचं तुमी लिहा. माझं मी सांगते."

सभेच्या दिवशी सातही चित्रे भिंतीवर होती. कागद सपाट होते. पाच चित्रांच्या वरच्या कडेला तांबूस रेघ होती, जणू तिथपर्यंत पूर आला होता. एकाचा कोपरा पिवळा. शिपाई दाराशी, पळून जाता येईल अशा बेताने उभा होता.

सत्काराची शाल अंगावर घ्यायच्या आधी मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. "ही चित्रं माझ्यापायी भिजली," त्या म्हणाल्या. "गच्चीवरचा ड्रम माझ्यासाठी होता. मला ठाऊक नव्हतं, पर पाणी मी प्याले. ज्याला बोलायचं, त्यानं मला बोलावं. शिपायाला न्हाई."

मला भीती वाटत होती, ती या क्षणाची. मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला, चांगलाच रागाचा. "बाई, आमच्या लेकरांचे हात धरून तुमच्या मालकांनी शिकवलं. रांगेत आमी रोज उभ्या ऱ्हातो. एका सबदानं सांगितलं असतं तर घागर आमी आणली नसती का? आमास्नी काय समजलात तुमी?"

दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. सगळ्या रागावलेल्या. चोरून पाणी नेल्याबद्दल कुणीच बोलत नव्हते. आधीचे चेअरमन उठले, पण आरोपाचे काही न बोलता शिपायाला खांद्याला धरून आत घेऊन आले आणि पुढच्या रांगेत बसवले. आताच्या चेअरमननी खाली मान घालून माझ्याकडचा अर्ज मागे घेतला. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या रांजणाच्या पाळ्या लागल्या, आणि शिपायाच्या नावाची पाळी त्यात सगळ्यांत आधी होती.

पुढे तीस वर्षे मी चौकशा केल्या. पोलीस प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते की गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो. ते खरेच आहे. पण तो कुणासाठी लपवतो, हे कुणी शिकवले नव्हते. त्या शिपायाची मी माफी मागितली नाही. वर्दीत तशी सवय नव्हती आणि पुढे बदली झाली. आज त्याची खंत वाटते. मात्र त्यानंतर कुठलाही माणूस माझ्यासमोर तोंड मिटून बसला, की मी आधी त्याला खुर्ची दिली, आणि पहिला प्रश्न बदलला. "तू काय केलंस?" असे न विचारता मी विचारत असे, "तुम्ही कुणाला वाचवताय?" दर वेळी उत्तर मिळाले असे नाही. पण बरेच जण तो प्रश्न ऐकून रडले.