कानस मागं येताना

फिटरच्या वर्गात आम्ही मुली दोघीच. शिकवणाऱ्या सरांना सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांनी माझ्या हातात लोखंडाचा ठोकळा दिला आणि म्हणाले, "इसको सपाट करो."

मला वाटलं, त्यात काय! गावी देवगाव रंगारीला माझ्या वडिलांची, आबांची, मेंढ्यांची कातर मीच कानशीनं घासून द्यायचे. तशीच पुढं-मागं, पुढं-मागं सुरू झाले.

उस्ताद कळवळले. "बेटी, लोहा काटरी क्या पोछा माररी? जाते वक्त काटो, आते वक्त सांस लो."

कानशीचे दात पुढं जातानाच कापतात. मागं येताना दाबलं की ते नुसतेच झिजतात. कळलं, पण हाताला कळेना.

पुढच्या आठवड्यात आबा मला भेटायला आले. ते दारात पोचायला आणि उस्ताद माझ्यावर ओरडायला एकच गाठ पडली, "बास्टर्ड उठाओ!"

आबा थेट आत शिरले. "साहेब, पोरगी चुकली असंल, पर शिवी काहून देता?"

सगळा वर्ग हसायला लागला. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. उस्तादांनी जाड दातांची कानस उचलून आबांपुढं धरली. "चाचा, इसका नाम है ये. हमने नहीं रखा."

"एवढ्या कामाच्या हत्याराला असलं नाव?" आबांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

उस्तादांनी त्यांनाच ठोकळा घट्ट पकडणाऱ्या शेगड्यापुढं उभं केलं. डावा पाय पुढं, कानस आडवी. आबांनी असा जोर लावला की टेबल हललं. मग उस्तादांनी ठोकळ्यावर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, ठेवून उजेडाकडं धरला. मधे टेकलेला, दोन्ही कडांना फट; ठोकळा मधेच डोंगरासारखा उंच.

"वा चाचा! दौलताबाद बनाया."

"आन् पोरीचं?"

"उसका भी. छोटा दौलताबाद."

आबा पटका सावरत हसत सुटले. मग स्टूल ओढून माझ्याजवळच बसले. कानस मागं आली की म्हणायचे, "उचल, उचल." मेंढ्यांना हाकारतात त्याच आवाजात! पोरं खिदळत होती, मी दात-ओठ खात होते; पण त्या तालात हात बसत गेला. संध्याकाळी गुण्याखालून उजेड आला नाही.

"चलेगा," उस्ताद म्हणाले.

आबांना बसमध्ये बसवायला मी निघाले. क्रांती चौकापर्यंत ते दिसेल त्या लोखंडी कठड्यापाशी थांबत, एक डोळा मिटून बघत आणि मान हलवत, "ह्यो बी सपाट नाय."